मर्यादेचा हिशेब : लहान यंत्रांच्या मेमरीविषयी एक संवाद

ज्याला पडदा नाही, कळफलक नाही, आणि जो आपल्या घरात अहोरात्र चालू आहे याची मालकाला बहुधा जाणीवही नसते, असा संगणक आज मेजावरील संगणकाहून कितीतरी अधिक संख्येने जगात नांदत आहे. भिंतीवरचा राउटर, विजेचा नवा मीटर, दारावरचा कॅमेरा, कारखान्यातील पंप चालवणारी नियंत्रक पेटी ही सारी त्याच कुळातील यंत्रे होत. अशा यंत्रांच्या तुटपुंज्या मेमरीत बसावीत म्हणून सॉफ्टवेअरची साधने आटोपशीर करण्यासाठी श्रम वेचावेत, की ते श्रम अन्यत्र लावून यंत्रालाच अधिक मेमरी द्यावी, याविषयी या व्यवसायात दोन पक्ष आहेत, आणि दोन्ही पक्षांत विचारी माणसे आहेत. त्यांचे म्हणणे त्यांच्याच तोंडून वाचकांपुढे यावे म्हणून पुढील संवाद योजिला आहे. नानासाहेब हे आठ-बिटी मायक्रोकंट्रोलरांच्या काळापासून या धंद्यात मुरलेले निवृत्त अभियंते. श्रीधर हा लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांच्या साधनांची देखभाल करणारा तरुण. काटकसरीचा कैवार वृद्धाने घ्यावा आणि मुबलकतेचा तरुणाने, असा सर्वसाधारण संकेत आहे. येथे तो उलटा झाला आहे, आणि त्याला कारण आहे.

नानासाहेब : श्रीधर, बाइटांची काटकसर मला नवी नाही. इंटेलने १९८० साली काढलेल्या ८०५१ या चिपमध्ये आतली रॅम अवघी १२८ बाइटांची होती, आणि तेवढ्या जागेत रजिस्टरे, स्टॅक आणि मोजणीचे आकडे बसवण्यात आमची उमेद गेली. परंतु ती काटकसर हा आमचा सद्गुण नव्हता, तो नाइलाज होता. आणि नाइलाज सरल्यावरही त्याचे सोवळे पाळत राहणे मला शहाणपणाचे वाटत नाही. आज एखादा जाणता अभियंता दोन महिने खपून एका प्रोग्रामची मेमरी निम्म्यावर आणतो, तेव्हा त्याचे कौतुक सारे करतात. पण त्या दोन महिन्यांच्या वेतनात किती यंत्रांना दुप्पट रॅम बसवता आली असती, याचा जमाखर्च कोणी मांडीत नाही. उलट, मेमरीतली काटकसर अंगाशी कशी येते याचा दाखला लिंकसिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरने घालून दिला आहे. आरंभीच्या आवृत्त्यांत ४ मेगाबाइट फ्लॅश आणि १६ मेगाबाइट रॅम असे आणि त्यावर लिनक्स चाले. २००५ साली पाचव्या आवृत्तीत कंपनीने फ्लॅश २ मेगाबाइटांवर आणि रॅम ८ मेगाबाइटांवर आणली, लिनक्स काढून त्या जागी व्हीएक्सवर्क्स ही दुसरी कार्यप्रणाली घातली, आणि अखेरीस लिनक्स हवे असणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी जुन्याच मापाचे यंत्र डब्ल्यूआरटी५४जीएल या वेगळ्या नावाने तिलाच विक्रीस ठेवावे लागले.

श्रीधर : दाखला खरा आहे, नानासाहेब, पण तो साक्षीदार माझ्या बाजूचा आहे. मेमरी किती बसवायची हे ठरवण्याचा अधिकार यंत्र विकले जाईपर्यंत कारखानदाराकडे असतो. विकल्यानंतर तो कोणाकडेच राहत नाही, कारण रॅम पाटीवर डाखलेली असते आणि घरोघर जाऊन ती कोणी बदलत नाही. माझे काम सुरू होते ते त्यानंतर. आपण उल्लेखिलेल्या राउटरातील सॉफ्टवेअर जीपीएल परवान्याखालचे असल्यामुळे कंपनीला त्याचा मूळ कोड प्रसिद्ध करावा लागला, आणि त्यातूनच २००४ साली ओपनडब्ल्यूआरटी हा प्रकल्प उभा राहिला. त्या प्रकल्पाने ज्या यंत्रांची जबाबदारी पत्करली त्यांत ३२ मेगाबाइट रॅमची यंत्रे पुष्कळ होती. या ३२ मेगाबाइटांपैकी आपला वाटा कर्नल आधीच उचलतो. वायफायच्या ड्रायव्हरला येणाऱ्या-जाणाऱ्या पॅकेटांसाठी बफर लागतात. तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरीही फ्लॅशवर नसून रॅममध्येच असते. आणि हे सर्व वजा जाता जी शिल्लक उरते तीत बाकीच्या सगळ्या साधनांना आपापला निर्वाह करायचा असतो. अशा घरी नव्या साधनाने "मला जागा अधिक हवी" म्हणून तगादा लावणे म्हणजे दुसऱ्याच्या खजिन्यावर हुंडी लिहिण्यासारखे आहे.

नानासाहेब : मोघम बोलू नकोस. असे एखादे साधन सांग की ज्याने मेमरी खाल्ली, आणि ती कशी खाल्ली तेही सांग.

श्रीधर : ओपीकेजी घ्या. डेबियनमध्ये पॅकेजे बसवण्याचे काम जसे डीपीकेजी करते, तसे लहान यंत्रांवर करण्यासाठी प्रथम आयपीकेजी झाले आणि त्यातून ओपीकेजी निघाले. वापरणाऱ्याला एकच लहानसे पॅकेज हवे असते. पण ते कोणकोणत्या पॅकेजांवर अवलंबून आहे हे कळण्यासाठी साधनाला साऱ्या भांडाराची नोंदवही उघडावी लागते, आणि त्या नोंदवहीत हजारो नोंदी असतात. सोपा मार्ग असा की प्रत्येक नोंद जशीच्या तशी मेमरीत आणावी: नाव, आवृत्ती, अवलंबित्वे, परवाना, देखभाल करणाऱ्याचे नाव, लांबलचक वर्णन, सारे काही. मेजावरील संगणकावर हा मार्ग निर्धोक आहे. येथे मात्र नोंदवहीची फाइल आधीच रॅममध्ये, तिचे वाचून केलेले रूप पुन्हा रॅममध्ये, आणि बसवायचे पॅकेज उलगडण्यासाठी लागणारी जागाही रॅममध्येच, असा तिहेरी बोजा पडतो. मग एखादे दिवशी भांडारात शंभर पॅकेजांची भर पडते, आणि काल चाललेला हुकूम आज मध्येच मरतो.

नानासाहेब : आणि यावर तुझा उपाय?

श्रीधर : उपाय एक नाही, पाच-सहा आहेत, आणि त्यांपैकी कोणताही चमत्कार नव्हे. नोंदवहीची फाइल संकुचित स्वरूपातच ठेवावी आणि वाचताना थोडी थोडी उलगडत जावी. ओपनडब्ल्यूआरटीच्या ओपीकेजीत तसेच केलेले होते. वर्णनाचा मजकूर कोणी विचारला नसेल तर तो वाचून सोडून द्यावा, साठवू नये. परवान्याचे नाव किंवा प्रोसेसरच्या जातीचे नाव हजारो नोंदींत तेच तेच असते; ते एकदाच ठेवून बाकीच्या नोंदींनी त्याकडे बोट दाखवावे. चौथा उपाय सर्वांत फलदायी आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. समजा, प्रत्येक नोंदीच्या रचनेत चाळीस पॉइंटर आहेत. ३२-बिटी प्रोसेसरवर एक पॉइंटर ४ बाइटांचा, म्हणजे नोंदीमागे १६० बाइट, आणि नोंदी ५,००० असल्या तर आठ लक्ष बाइट केवळ पॉइंटरांचे झाले. यांतील बहुसंख्य पॉइंटर रिकामे असतात, कारण फारच थोड्या पॅकेजांना सारे रकाने लागतात. जो रकाना भरलेला असेल त्यापुरतीच जागा द्यावी, की हा बेहिशेबी खर्च थांबतो. पाचवी गोष्ट मॅलॉकची, म्हणजे मेमरी मागणाऱ्या फंक्शनची. आठ-दहा अक्षरांचा एक शब्द ठेवण्यासाठी जागा मागितली तर जीलिबसी ही लायब्ररी ३२-बिटी यंत्रावर सोळा बाइटांचा तुकडा तोडून देते, आणि असे लाखभर तुकडे तोडून पुढे त्यांतले निम्मे परत केले तरी मधून मधून राहिलेल्या तुकड्यांमुळे मोकळी जागा सलग मिळत नाही. म्हणून एकाच आयुष्याच्या वस्तू एका मोठ्या गठ्ठ्यात ठेवाव्या आणि काम संपताच तो गठ्ठा एकदम बरखास्त करावा.

नानासाहेब : ही यादी ऐकायला बरी आहे; पण या रोगाची दुसरी बाजू मी पाहिली आहे. एकदा का बाइट वाचवण्याची चटक लागली, की मनुष्य प्रथम त्रुटींचे संदेश काढून टाकतो, मग तपासण्या काढतो, मग एकाच व्हेरिएबलला तीन कामे देतो, आणि त्याने लिहिलेला कोड सहा महिन्यांनी त्याला स्वतःलाच वाचता येत नाही. शिवाय या अट्टाहासात काय कमी झाले हे पुष्कळदा कोणी मोजलेलेच नसते. एखादा प्रोग्राम २० मेगाबाइट घेतो असा गवगवा होतो, आणि चौकशी करता कळते की तो आकडा नुसत्या आरक्षित पत्त्यांचा होता, प्रत्यक्ष रॅमचा नव्हताच.

श्रीधर : हे मला सर्वस्वी मान्य आहे, आणि म्हणून माझ्या मते या कामाचा श्रीगणेशा मोजमापाने व्हावा. लिनक्समध्ये प्रोसेसच्या पत्त्यांचा एकूण विस्तार हा एक आकडा आहे, प्रत्यक्ष रॅममध्ये असलेली पाने हा दुसरा. पण लायब्ररीची जी पाने दहा प्रोसेस मिळून वापरतात ती या दुसऱ्या आकड्यात दहाही जणांच्या नावावर पूर्णपणे पडतात आणि बेरीज खोटी ठरते. सामाईक पानांचा भार वाटून धरणारा पीएसएस हा आकडा २००८ साली कर्नलच्या २.६.२५ या आवृत्तीपासून मिळू लागला, तेव्हा कुठे न्याय्य हिशेब शक्य झाला. त्यातही भेद आहे. प्रोग्रामच्या कोडची पाने फ्लॅशवर मुळात असतातच. मेमरीची चणचण भासली तर कर्नल ती टाकून देतो आणि लागतील तेव्हा पुन्हा वाचतो, जरी त्यामुळे यंत्र मंदावते. चालता चालता प्रोग्रामने जी माहिती स्वतः लिहिली तिची पाने मात्र टाकता येत नाहीत, कारण या यंत्रांत स्वॅपसाठी बहुधा जागाच नसते. तेव्हा शंभर किलोबाइट कोड कमी करणे आणि शंभर किलोबाइट हीप कमी करणे या दोन गोष्टी कागदावर समान दिसल्या तरी व्यवहारात समान नाहीत. फ्लॅश भरली असेल तर कंपायलरला आकाराला प्राधान्य द्यायला सांगावे, न वापरलेली फंक्शने लिंकरकडून गाळून घ्यावीत. रॅम भरली असेल तर डेटाची रचना बदलावी. रोग एका जागी आणि लेप दुसऱ्या जागी, असे होऊ नये.

नानासाहेब : बरे, मोजमाप तुला मान्य आहे. पण सुरक्षिततेचे काय? २०१६ साली मिराई नावाच्या दुष्ट प्रोग्रामने कॅमेरे आणि राउटर लाखोंच्या संख्येने काबीज केले, आणि त्यांच्याकरवी त्या वर्षाच्या २१ ऑक्टोबरला डिन या कंपनीच्या नामसेवेवर हल्ला झाला तेव्हा मोठमोठी संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. त्या यंत्रांत शिरकाव झाल्यावर मिराई प्रथम काय करीत असे? तुम्हा काटकसरी मंडळींच्या लाडक्या बिझीबॉक्सला हाक मारून तो जागेवर आहे की नाही याची खातरी करून घेई. लहान यंत्र म्हणजे दुबळे यंत्र, हा अर्थ त्यातून निघत नाही काय?

श्रीधर : निघत नाही, असे मी नम्रपणे म्हणेन. मिराईच्या हाती नाव आणि पासवर्ड यांच्या साठेक जोड्या होत्या, आणि कारखान्यातून निघालेले पासवर्ड यंत्रांवर तसेच राहिले होते म्हणून टेलनेटचे दार उघडले. पासवर्ड बदलायला लावण्यासाठी मेमरी लागत नाही. टेलनेटऐवजी सुरक्षित एसएसएच ठेवायचे तर त्यासाठी ड्रॉपबेअर होतेच. मोजक्या सोयी निवडून यूसीलिबसी या लहान लायब्ररीसह बांधले तर एक्स८६ प्रोसेसरवर त्याची एकसंध फाइल ११० किलोबाइटांत बसते, असे त्याच्या कर्त्यानेच नमूद केलेले आहे. म्हणजे काटकसरीने सुरक्षितता हिरावून घेतली नाही. काटकसरीने ती लहान यंत्रांच्या आवाक्यात आणली. राहता राहिला बिझीबॉक्स. ब्रूस पेरेन्स यांनी तो १९९५ साली लिहिण्यास घेतला तो डेबियन बसवण्याची आणि दुरुस्तीची सारी सामग्री एकाच फ्लॉपीवर मावावी म्हणून. फाइलींची यादी दाखवणे, नक्कल करणे, हलवणे अशा कामांचे स्वतंत्र प्रोग्राम केले तर प्रत्येकाला आपापली सुरुवातीची यंत्रणा बाळगावी लागते. त्याऐवजी सर्वांची मिळून एकच फाइल करावी आणि तिला ज्या नावाने हाक येईल ते काम तिने करावे, ही ती युक्ती.

नानासाहेब : आणि त्या एकत्र कुटुंबाचा खर्च कोण सोसतो? प्रत्येक कामाचा कायमचा डेटा जर त्याच फाइलीत असेल, तर साधी तारीख विचारणाऱ्या प्रोसेसच्या माथी शेलचे आणि वेब सर्व्हरचे बफरही बसणारच.

श्रीधर : आपण नेमके मर्म पकडले. म्हणूनच बिझीबॉक्सच्या दस्तऐवजांत केवळ याच विषयावर एक टिपण आहे: कायमचे व्हेरिएबल शक्यतो ठेवू नयेत, ठेवावेच लागले तर ते एका रचनेत बांधून सर्वांच्या सामाईक बफरात किंवा मागणीनुसार मिळवलेल्या जागेत ठेवावेत. ज्या प्रोसेसरांत मेमरी-व्यवस्थापनाचे हार्डवेअर नसते तेथे तर ही शिस्त पाळली नाही तर प्रत्येक प्रोसेस पूर्ण भार घेऊनच उभी राहते. शिवाय एखाद्या बदलाने कोणते फंक्शन किती बाइटांनी वाढले वा घटले हे दाखवणारी ब्लोट-ओ-मीटर नावाची लहानशी स्क्रिप्ट त्या प्रकल्पात आहे, आणि तिचे आकडे बदलासोबत लिहिण्याची प्रथा आहे. वाढ होते, नाही असे नाही. पण ती मंजुरीवाचून होत नाही.

नानासाहेब : तरीही अखेर झाले काय? तुझ्या त्या ओपनडब्ल्यूआरटीनेच ४ मेगाबाइट फ्लॅश आणि ३२ मेगाबाइट रॅमच्या यंत्रांना १९.०७ या मालिकेनंतर निरोप दिला. कर्नल वाढतच गेला आणि तुमची सारी रुजुवात व्यर्थ ठरली. यालाच मी पुढे ढकललेला पराभव म्हणतो.

श्रीधर : ढकलला, हे खरे, पण किती? १९.०७ ही मालिका २०२० सालच्या जानेवारीत निघाली, म्हणजे ज्या वर्गाची यंत्रे २००० नंतरच्या पहिल्या दशकात दुकानांत विकली जात होती त्यांना २०२० नंतरही सुरक्षिततेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या. तेवढी वर्षे ती यंत्रे कचऱ्यात गेली नाहीत आणि त्यांच्या मालकांना नवी घ्यावी लागली नाहीत. अमरत्वाचा दावा मी केलेलाच नाही. मुदत वाढवून मिळाली, आणि गरीब मालकाला मुदतीचे मोल फार असते.

नानासाहेब : मुदतीचा मुद्दा मी सोडून देतो, कारण तेथे तू बरोबर आहेस. परंतु माझ्या मनातली खरी तक्रार अजून बाकी आहे, आणि ती लहान यंत्राची नसून मोठ्या यंत्राच्या अनुभवावरून आलेली आहे. नासाचे स्पिरिट हे यान जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरले. त्याची रॅम १२८ मेगाबाइट आणि फ्लॅश २५६ मेगाबाइट होती. त्या काळच्या यानांच्या मानाने हे वैभवच. तरी २१ जानेवारीला ते गप्प झाले आणि मग साठांहून अधिक वेळा स्वतःला पुन्हा पुन्हा सुरू करीत राहिले. कारण असे निघाले की फ्लॅशवरील फाइलींची नोंद ठेवणारी रचना रॅममध्ये असे. प्रवासातल्या महिन्यांपासून साठलेल्या फाइलींची संख्या वाढत गेली तशी ती रचनाही फुगत गेली, आणि एके दिवशी तिला जागा नामंजूर झाली. यंत्र पुन्हा सुरू झाले की तीच नोंद वाचू लागे आणि पुन्हा तेथेच अडखळे. पृथ्वीवरील अभियंत्यांनी फ्लॅश बाजूला ठेवून यान सुरू करण्याचा हुकूम पाठवला, नको त्या फाइली पुसल्या, तेव्हा ते पूर्वपदावर आले. आता सांग, येथे कोणते फंक्शन लठ्ठ होते? कोणतेही नाही. प्रत्येक भाग तुझ्या तराजूत हलकाच भरला असता. उणीव होती ती वाढ कोठे थांबणार हे कोणी ठरवले नव्हते याची. तू बाइट मोजतोस; मी कमाल मर्यादा मागतो.

श्रीधर : हा प्रहार मी स्वीकारतो. माझ्या ओपीकेजीच्या उदाहरणातही खरा दोष हाच होता: भांडार वाढेल तशी मेमरी वाढेल, हे गृहीत सर्वांनी मुकाट्याने कबूल केले होते. आणि लिनक्सवर हा दोष अधिकच घातक होतो, कारण तेथे मॅलॉकने होकार दिला म्हणजे जागा मिळाली असे नव्हे. कर्नल हातातल्यापेक्षा अधिक देऊ करतो, आणि प्रत्यक्ष पानावर लिहिण्याची वेळ आली व रॅम संपली तर कोणती प्रोसेस मारायची ते स्वतःच ठरवतो. मारली जाणारी प्रोसेस अपराधी असेलच असे नाही. बहुधा जी सर्वांत मोठी दिसते ती जाते. तेव्हा मागितलेली जागा मिळाली की नाही एवढे तपासणारा प्रोग्राम स्वतःला सुरक्षित समजत असेल तर तो भ्रमात आहे.

नानासाहेब : म्हणूनच नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतील जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली जे दहा नियम प्रसिद्ध केले, त्यांत यंत्र सुरू होऊन स्थिर झाल्यावर नवी मेमरी मागण्यास मनाई आहे, प्रत्येक लूपला निश्चित सीमा हवी अशी अट आहे, आणि रिकर्शनला मज्जाव आहे. हे नियम काटकसरीचे नव्हेत. त्यांनी मेमरी कमी लागेल असे नाही, प्रसंगी अधिकच लागेल. पण किती लागेल हे उड्डाणापूर्वी सांगता येईल. मर्यादा ठरव, तिच्या दुप्पट रॅम बसव, आणि सुखाने झोप.

श्रीधर : येथपर्यंत आपण एकत्र आलो, नानासाहेब, पण शेवटचे पाऊल मी आपल्याबरोबर टाकू शकत नाही. दुप्पट रॅम बसवणे हे यान बांधणाऱ्याला शक्य आहे. माझी मर्यादा मी ठरवीत नाही, ती विकलेल्या यंत्राने आधीच ठरवून ठेवली आहे. मला ती ३२ मेगाबाइटांतच मांडावी लागते, आणि म्हणून मर्यादा हे आपले तत्त्व पाळण्यासाठी काटकसर हे माझे साधन मला वापरावेच लागते. पॉइंटरांचे आठ लक्ष बाइट मी वाचवतो ते हौसेने नव्हे. ते वाचवले तरच वरची सीमा यंत्राच्या मापात बसते.

दोन्ही पक्षांचे म्हणणे येथे संपते. नानासाहेबांचे म्हणणे नव्या यंत्राच्या आराखड्याला तंतोतंत लागू पडते आणि श्रीधरचे जुन्या यंत्राच्या देखभालीला, हे उघड आहे. म्हणून तरुणाने काटकसरीचा आणि वृद्धाने मुबलकतेचा पक्ष घ्यावा यात विपरीत काही नाही, कारण एकाच्या वाट्याला इतरांनी केलेली निवड आली आणि दुसऱ्याने ती स्वतः करून पाहिली. परंतु दोघांच्या मतभेदाखाली जे समान तत्त्व आहे ते मला दोन्ही मतांहून मोलाचे वाटते. साधन लहान आहे की मोठे, हा दुय्यम प्रश्न होय. ते कशाच्या प्रमाणात वाढते आणि कोठे थांबते, हा मुख्य प्रश्न होय. पाच मेगाबाइट घेऊन तेथेच थांबणारा प्रोग्राम हा आज एक मेगाबाइट घेणाऱ्या पण फाइलींच्या, नोंदींच्या वा जोडण्यांच्या संख्येबरोबर निमूटपणे फुगणाऱ्या प्रोग्रामाहून लहान यंत्राचा अधिक विश्वासू सेवक आहे. आज बहुतेक साधनांच्या माहितीपत्रकात आवृत्ती असते, परवाना असतो, कर्त्यांची नावे असतात. कमाल मेमरीचा आकडा मात्र क्वचितच सापडतो. साधन लिहिणाऱ्यांना विनंती एवढीच, की तो आकडा आणि तो कशावर अवलंबून आहे याचे एक वाक्य त्यांनी त्या पत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहावे. ते लिहिता येत नसेल, तर साधन अजून पुरे झालेले नाही.